जाऊबाई, स्लाइड्सचे डबे मी टाकणार नाही



मागच्या आठवड्यात पुण्याहून जाऊबाईंचा फोन आला. दिवाळीची साफसफाई काढलीस का, म्हणून विचारत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “आणि ह्यांच्या त्या स्लाइड्सचे डबे आता टाकून दे बाई. पोरांनी सगळं स्कॅन करून मोबाईलवर पाठवलंय. उगीच कपाट कशाला अडवायचं? शिवाय त्यात जिलेटिन असतं म्हणे.”

मी “बघते” म्हणाले आणि फोन ठेवला. थोरल्या जावेला फोनवर उलट उत्तर द्यायची सवय मला चव्वेचाळीस वर्षांत लागली नाही. पण त्या हा ब्लॉग वाचतात, म्हणून उत्तर इथे लिहिते. डबे मी टाकणार नाही. तुमच्या कुणाच्या घरी असे डबे असतील तर तुम्हीही टाकू नका. आणि स्कॅन करायला देणार असाल, तर ते यंत्र काय करतं हे आधी समजून घ्या. हे पोरांचं काम आहे म्हणून स्वयंपाकघरात निघून जाऊ नका. मी तशी निघून गेले होते.

ज्यांनी स्लाइड पाहिली नसेल अशा सुनांसाठी सांगते. पूर्वी सिनेमाच्या मध्यंतरात पडद्यावर साडीच्या दुकानाची नाहीतर चहाची जाहिरात स्थिर दिसायची, ती स्लाइड. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ करत. ‘शांबरिक खरोलिका’ असं त्याचं नाव होतं. घरच्या कॅमेऱ्याची स्लाइड त्याच कुळातली. दोन इंच चौकोनाच्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या चौकटीत फिल्मचा तुकडा, २४ मिलिमीटर बाय ३६ मिलिमीटरचा. उजेडासमोर धरला की रंगीत चित्र.

यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. साध्या फोटोला निगेटिव्ह असते, कागदावरचा फोटो फाटला तर दुसरा काढता येतो. स्लाइडला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून जी फिल्म गेली, तीच धुऊन, कापून चौकटीत बसवलेली असते. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून मला ते असं कळतं: स्लाइड म्हणजे मूळ व्हाउचर आणि स्कॅन म्हणजे खातेवहीतली नोंद. नोंद कितीही सुवाच्य अक्षरात केलेली असो, ऑडिटर व्हाउचर मागतो.

आमच्याकडच्या स्लाइड्स मोठ्या भाऊजींच्या. लाकडाच्या धंद्यातला माणूस, पण कॅमेऱ्याचं वेड. पूर्व जर्मनीची ‘ऑर्वो’ फिल्म तेव्हा आपल्याकडे मिळायची, ती ते कुठून कुठून मिळवत. १९८१ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला गोम्मटेश्वराचा महामस्तकाभिषेक झाला. मूर्तीला एक हजार वर्षं पूर्ण झाली होती. मी घरात नवी सून. नागपूरहून यात्रेला गेलो, सासूबाई, जाऊबाई, आम्ही दोघं आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले भाऊजी. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी केली ते वर्ष हेच. विंध्यगिरीच्या सहाशेवर पायऱ्या, वर सुमारे ५७ फुटांचे बाहुबली भगवान, त्यांच्या मस्तकावरून उतरणारं दूध, मग हळद, मग चंदन. त्यानंतर १९९३, २००६ आणि २०१८ साली अभिषेक झाले, पण आमच्या घरातून पुन्हा जाणं झालं नाही.

भाऊजी गेले तेव्हा डब्यांत ४१२ स्लाइड्स होत्या. गेल्या उन्हाळ्यात पुतण्या आठ दिवस राहायला आला आणि बरोबर एक जुना स्लाइड स्कॅनर घेऊन आला. निकॉनचा कूलस्कॅन. हे यंत्र बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलं, पण जाणकार लोक अजूनही जुनी यंत्रं हुडकून घेतात. ह्या वेळी मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि प्रश्न विचारून विचारून त्याचं डोकं खाल्लं.

आपल्या घरी आधारकार्डाची झेरॉक्स काढायला जो सपाट स्कॅनर असतो, तो कागदावर उजेड टाकतो आणि कागदावरून परतलेला उजेड वाचतो. त्यावर स्लाइड ठेवली तर काळा चौकोन येतो, कारण स्लाइड उजेड परतवत नाही, आरपार जाऊ देते. म्हणून स्लाइडच्या स्कॅनरमध्ये दिवा एका बाजूला आणि वाचणारा डोळा दुसऱ्या बाजूला असतो. तो डोळा म्हणजे सीसीडी नावाची चिप. ती १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये बॉइल आणि स्मिथ या दोघांनी शोधली, आणि २००९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पडलेला उजेड किती आहे ते ती विजेच्या रूपात मोजते.

स्कॅनरमधली चिप मोबाईलसारखी चौकोनी नसते, एका ओळीची असते. एकदम सगळं चित्र ती पाहत नाही. एक ओळ वाचते, मोटर स्लाइडला केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकवते, मग पुढची ओळ. स्वेटर ओळीओळीने विणतो तसंच. प्रत्येक ओळीवर आधी लाल दिवा लागतो, मग हिरवा, मग निळा, आणि प्रत्येक ठिपक्याला तिन्ही रंगांचे आकडे मिळतात.

४००० डीपीआय म्हणजे एका इंचात ४००० ठिपके. एका केसाच्या जाडीत दहा-एक ठिपके बसतात. त्या हिशेबाने एका स्लाइडचे जवळपास २ कोटी १४ लाख ठिपके होतात. साध्या फाइलमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चांगल्या स्कॅनमध्ये ६५,५३६. हा फरक फुलांच्या फोटोत कळणार नाही. सावलीत कळतो. भाऊजींच्या एका स्लाइडमध्ये मंडपाच्या अंधारात बायका बसल्या आहेत. मोबाईलवर ट्यूबलाइटसमोर धरून काढलेल्या फोटोत तिथे नुसता काळा पट्टा होता. स्कॅनमध्ये त्या पट्ट्यातून अकरा चेहरे निघाले, त्यातल्या चार बायका मला नावानिशी आठवल्या.

एक स्लाइड साधारण चार मिनिटं घेते. ४१२ स्लाइड्सचे साडेसत्तावीस तास, आणि पूर्ण ताकदीने ठेवल्या तर ५३ जीबीच्या आसपास जागा. घाईचं काम नाही हे. आरा मशीनचा भुसा आमच्या लकडगंजात खिडक्या लावल्या तरी घरात येतो, त्यामुळे आम्ही सकाळी सात ते दहा बसायचो, फरशी पुसून, पंखा बंद करून. नागपूरच्या मे महिन्यात पंखा बंद, म्हणजे समजून घ्या. धूळ उडवायला छोटा रबरी फुगा वापरायचा. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे थेंब उडतात. आणि पदराने तर मुळीच पुसायचं नाही.

यंत्र सगळं बरोबर करतं असंही नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्याने एक फोटो दाखवला, “काकू, आजी बघा किती छान आलीय.” मी पाहिलं आणि काहीतरी खटकलं. सासूबाईंचा पदर उजव्या खांद्यावर! लकडगंजात राहतो आपण, शेजारी निम्मी घरं गुजराती-मारवाडी, उजव्या खांद्यावरचा पदर रोज बघतो. पण तो पुढे येतो, हा मागे सोडलेला. आणि चमकी उजव्या नाकपुडीत. स्लाइड उलटी बसवली होती! फिल्मची एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद, जिच्यावर चित्राचा थर असतो. ती बाजू उलट झाली की आरशातल्यासारखं चित्र येतं. यंत्राला ते कळत नाही. इंजिनिअर पुतण्यालाही कळलं नव्हतं. त्या एका सकाळी आम्ही अशा नऊ स्लाइड्स उलटवल्या, सगळ्या पदरावरून ओळखून.

आता खरा मुद्दा.

ह्या स्कॅनरमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा दिवा असतो, डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड. रंगीत फिल्ममधले रंग हा उजेड अडवत नाहीत, तो सरळ आरपार जातो. पण धुळीचा कण, केस, ओरखडा त्याला अडवतात. म्हणजे ह्या चौथ्या फेरीत चित्र जवळजवळ नाहीसं होतं आणि फक्त घाण दिसते. यंत्राकडे घाणीचा नकाशा तयार होतो, आणि तेवढीच जागा आजूबाजूच्या ठिपक्यांवरून ते भरून काढतं. कृष्णधवल फिल्मवर हे चालत नाही, कारण तिथे चित्रच चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडला अडवते. यंत्र बिचारं सगळं चित्रच घाण समजतं. कोडाक्रोम नावाच्या स्लाइडवरही हे भरवशाचं नाही. तुमच्या घरी तशा असतील तर दुकानदाराला हे बटण बंद ठेवायला सांगा.

सासूबाईंचा जवळून काढलेला रंगीत फोटो असा एकच आहे. डोंगराच्या पायथ्याशी बसलेल्या, डोक्यावर पदर, हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. गोंदण. माहेरी लहानपणी गोंदवलेलं. स्लाइडवर धूळ होती, एक लांब ओरखडा होता. स्कॅनरने दोन्ही काढले आणि गोंदण जसंच्या तसं ठेवलं, कारण गोंदण फिल्मच्या रंगात होतं, इन्फ्रारेड त्यातून आरपार गेला.

मग तोच फोटो माझ्या भाचीने मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये टाकला, जुने फोटो एआयने नवे करून देणाऱ्या. दोन मिनिटांत फोटो परत आला. कातडी गुळगुळीत, दात पांढरे, डोळे मोठे, आणि हनुवटी कोरी. ॲपकडे चौथा दिवा नाही. मूळ स्लाइड त्याने पाहिलेलीच नाही. त्याच्यासमोर फक्त आकडे होते, आणि चेहऱ्यावर तीन ठिपके दिसले तर ते डाग असणार, असा त्याने अंदाज केला. आमच्या घरच्या ग्रुपवर त्या कोऱ्या हनुवटीच्या फोटोला तेवीस हात जोडलेले आणि फुलं आली. नातसुना तोच फोटो सासूबाईंचा म्हणून ओळखतील आता. कुणी फ्रेम करायलाही दिला आहे असं कळलं.

जाऊबाई, म्हणून मी डबे टाकत नाही. उद्या ह्या दोन फोटोंत भांडण लागलं तर निकाल कोण देणार? तुम्ही आणि मी अजून काही वर्षं देऊ. त्यानंतर फक्त ती स्लाइड देईल.

मोठ्या संस्थासुद्धा असंच करतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, जे १९६४ साली सुरू झालं, जुन्या चित्रपटांच्या रिळांचं स्कॅनिंग झालं, पण म्हणून रिळं भंगारात घातली नाहीत. उद्या आजच्यापेक्षा चांगलं यंत्र आलं तर ते पुन्हा रिळाकडेच जाणार. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी संगणकात पहिला फोटो स्कॅन करून घातला, तो त्यांच्या तीन महिन्यांच्या बाळाचा होता. १७६ बाय १७६ ठिपके, ते सुद्धा फक्त काळे किंवा पांढरे. त्या वेळी ते जगातलं सर्वांत पुढचं काम होतं. आता कुणी ‘स्कॅन झाला ना, मग मूळ फोटो फेका’ म्हटलं असतं तर?

आता जिलेटिनचं. जाऊबाईंचं म्हणणं खोटं नाही. फिल्मवरचा थर जिलेटिनचाच असतो, आणि जिलेटिन जनावरांची हाडं आणि कातडी उकळून बनतं. स्लाइड, निगेटिव्ह, जुने फोटो, सिनेमाची रिळं, आपले एक्स-रे, सगळ्यांत ते आलं. मला हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही. भगवंतांचं चित्र कशात बसलंय, हाच विचार. आपण जेली खात नाही, औषधाची कॅप्सूल विचारून घेतो, आणि हे पन्नास वर्षं कपाटात. पण मला असं वाटतं, आणि हे माझं मत आहे, शास्त्राचा निर्णय नव्हे: जी हिंसा १९८१ च्या आधी कारखान्यात होऊन गेली ती मी डबा कचऱ्यात टाकल्याने पुसली जात नाही. भाऊजींनाही ते ठाऊक नव्हतं. आज नवी फिल्म मी विकत घेणार नाही, तशी गरजही उरली नाही. जे आहे ते सांभाळते. फक्त डबे देवघराच्या कपाटातून काढून बैठकीतल्या कपाटात ठेवले, एवढं केलं.

आणि सांभाळायचं कशासाठी, तर त्या जिलेटिनवर बुरशी येते. ते तिचं खाद्यच. पावसाळ्यात पापड-लोणच्याला आपण का जपतो? बुरशी म्हणजे जीवोत्पत्ती. आधी होऊ द्यायची नाही, झाल्यावर पुसायची वेळ आणायची नाही. हा नियम आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही, तोच इथे लावायचा. डबा कोरडा, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. आत सिलिका जेलच्या पुड्या (नावात जेल असलं तरी ते वाळूच्या जातीचं, जिलेटिनशी त्याचं नातं नाही). गच्चीखालची खोली नको, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उष्णतेने रंग उडतात. पुष्कळ जुन्या फिल्ममध्ये सायन, म्हणजे निळसर रंग आधी जातो आणि चित्र लालसर दिसू लागतं. बुरशी आधीच आली असेल तर पाणी लावू नका, बुरशीने खाल्लेला थर पाण्यात विरघळू शकतो. तशीच स्कॅन करून घ्या. आमच्या सव्वीस स्लाइड्सवर बुरशीची जाळी आहे, ती स्कॅनमध्येही थोडी दिसते. दिसू दे.

दुकानात द्यायच्या असतील तर काउंटरवर विचारा: कुठल्या यंत्रावर करता, खरे डीपीआय किती, फाइल कुठल्या प्रकारची देणार. ‘बावीस मेगापिक्सेल’ असं खोक्यावर छापलेले छोटे डबे मिळतात, त्यात एक साधा कॅमेरा आणि मागे पांढरा दिवा असतो. पुष्कळदा आत कमी ठिपके मोजतात आणि मधले ठिपके अंदाजाने भरून आकडा फुगवतात. चांगल्या कॅमेऱ्याने, मॅक्रो लेन्स लावून, नीट दिव्यावर काढणारेही असतात, ते काम उत्तम होतं. तेव्हा यंत्राच्या नावावर नाही, उत्तरावर जा. आणि टिफ फाइल मागा, व्हॉट्सॲपवर नको. दुकानदार ‘मॅडम, तुम्हाला एवढं काय करायचंय’ म्हणाला तर पिशवी उचलून घरी या.

हे मला आधी कळायला हवं होतं. जाऊबाई, आता तुमच्यासाठी.

अभिषेकाच्या दिवसाचा, २२ फेब्रुवारीचा, जो छत्तीस फोटोंचा रोल होता, त्याबद्दल तुम्ही भाऊजी गेल्यावर मला दोनदा विचारलंत. मी म्हणाले, असेल कुठेतरी, माळ्यावर बघते. माळ्यावर नव्हता. २००४ साली मी तो एका दुकानात सीडी करायला दिला होता. तुम्हा सगळ्यांना दिवाळीला दाखवून चकित करायचं मनात होतं. सीडी आली, संगणकावर चित्रं दिसली, रंगही बरे होते. मी खूश. त्याच साफसफाईत मी तो स्लाइड्सचा डबा टाकून दिला. सीडी आहे ना, कपाट कशाला अडवायचं, अगदी तुमचंच वाक्य माझ्या मनात होतं.

त्या सीडीतली चित्रं ६४० बाय ४८० ठिपक्यांची होती. कूलस्कॅनच्या एका चित्राचा सत्तरावा हिस्सा. आणि चार वर्षांनी सीडी वाचली जाईना. संगणकात आधी उतरवून घेतलेली एकोणीस चित्रं वाचली, बाकीची सतरा गेली. मस्तकावरून हळद उतरतानाचं एक आहे त्यात. पुतण्याने ते मोठं करून पाहिलं. वर मचाणावर कलश घेऊन उभी असलेली माणसं दिसतात, प्रत्येकाचा चेहरा म्हणजे तीन-चार ठिपके. त्यातले भाऊजी कुठले, ते मला सांगता येत नाही. त्यांनी कॅमेरा ह्यांच्या हातात देऊन कलश घेतला होता, एवढं आठवतं.

तुम्ही दिवाळीला याल तेव्हा ते एकोणीस आणि हे ४१२ सगळे टीव्हीवर लावून ठेवते. त्या मंडपातल्या सात बायकांची नावं मला आठवत नाहीत, ती तुम्हाला विचारायची आहेत. आणि रागवायचं असेल तर तेव्हाच रागवा, फोनवर नको.